भुकटीचे दिवस

स्वातंत्र्यानंतरची जवळपास तीस वर्षे भारतातल्या मोठ्या शहरांचे दूध परदेशी भुकटीच्या टेकूवर उभे होते. ही भुकटी न्यूझीलंडहून, अमेरिकेहून, युरोपातून पोत्यांनी बंदरात उतरे, शहरी डेअरीच्या टाकीत पाण्यात विरघळे आणि म्हशीच्या दुधात मिसळून बाटलीबंद होऊन घरोघरी जाई. खेड्यांना या व्यवहाराची फारशी गंधवार्ता नव्हती. तिथले बहुतेक दूध गावातच प्यायले जाई, विरजले जाई, नाहीतर तूप होऊन कढईतून बाहेर पडे. १९५०-५१ साली देशात १ कोटी ७० लाख टन दूध निघत होते. पुढे ज्या काळात आयात जोरात होती त्या काळात वर्षाला पन्नासेक हजार टन भुकटी येई. देशाच्या एकूण दुधापुढे हा आकडा किरकोळ दिसतो. पण एका टनाचे साधारण अकरा हजार लिटर सायविरहित दूध होते, म्हणजे पन्नास हजार टनांचे पंचावन्न कोटी लिटर झाले. हे सगळे मोजक्या शहरांच्या मोजक्या डेअऱ्यांत जात होते आणि १९६०च्या दशकात त्यांच्या दुधातला निम्म्याच्या आसपासचा वाटा अशा आयात भुकटीचा होता. देश दुधाचा होता आणि त्याचा दूधबाजार मात्र परावलंबी होता. ही अवस्था कशी आली आणि कशी गेली, याची बरीचशी कथा मुंबईत घडली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईचे दूध तबेल्यांतून येत असे. वस्तीच्या मधोमध दाटीने बांधलेल्या म्हशी, साचलेले शेण, माश्या आणि दुधात सर्रास पाणी, असे ते दृश्य होते. काठेवाड, मेहसाणा, रोहतक अशा भागांतून विण्याच्या बेतात आलेली उत्तम म्हैस आणायची, दूध आटेपर्यंत पिळायची आणि भाकड झाली की खाटकाला द्यायची, हा तबेल्याचा हिशेब होता. शहरात भाकड म्हैस पुढच्या विण्यापर्यंत पोसण्यापेक्षा नवी घेणे स्वस्त पडे. रेडकू तर आईचे दूध पिते म्हणून नकोसेच असे, आणि ते काही दिवसांत मरे. खेड्यापाड्यांतली सर्वांत दुधाळ जनावरे अशी दरवर्षी शहराकडे ओढली जात आणि त्यांची वीण तिथेच संपे. शहराच्या दुधापायी गावाचे दूध कसे आटते, याचे याहून क्रूर उदाहरण सापडणार नाही.

युद्धकाळात मुंबईची लोकसंख्या वेगाने वाढली आणि दुधाची टंचाई सरकारपुढे येऊन उभी राहिली. १९४५ साली मुंबई सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली. सव्वाचारशे किलोमीटरवरच्या खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, निर्जंतुक केलेले दूध रेल्वेने मुंबईला आणायचे ठरले. आणंदला पोल्सन कंपनीची डेअरी १९३०पासून होती. सरकारने पुरवठ्याचे काम तिलाच दिले आणि गावांतून दूध गोळा करण्याचा मक्ताही तिच्या हाती गेला. मुंबईकर चांगला भाव देत होता, पण तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. मधल्यामध्ये कंत्राटदार आणि कंपनीचे दलाल होते.

४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी शेतकऱ्यांची सभा झाली. सल्ला वल्लभभाई पटेलांचा होता, सभेला मोरारजी देसाई होते आणि गावोगाव फिरून माणसे उभी करणारे होते त्रिभुवनदास पटेल. सरकारने दूध थेट शेतकऱ्यांच्या संस्थेकडून घ्यावे, नाहीतर पोल्सनला थेंबही मिळणार नाही, असा ठराव झाला. पंधरा दिवस दूध बंद राहिले. मुंबईची स्कीम कोलमडायला आली आणि सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. जून १९४८ मध्ये दोन गावांतल्या संस्थांचे रोजचे अडीचशे लिटर दूध मुंबईला जाऊ लागले. पुढे ‘अमूल’ या नावाने ओळखला गेलेला संघ तो हाच. मुंबईच्या रतिबातूनच त्याचा जन्म झाला होता, म्हणून मुंबई कोणाचे दूध घेते आणि कशाच्या बदल्यात, हा त्याच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न राहिला.

मुंबईच्या बाजूने ही व्यवस्था उभी करणारा माणूस म्हणजे दारा खुरोडी. मुंबईचे दूध आयुक्त म्हणून त्यांनी दोन मोठी कामे केली. पहिले, तबेले शहराबाहेर काढण्याचे. गोरेगावच्या टेकड्यांत सुमारे १,२८७ हेक्टरांवर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. ४ मार्च १९५१ रोजी जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. बत्तीस गोठ्यांतून सोळा हजार जनावरांची सोय झाली. म्हशी मालकांच्याच राहिल्या, जागा, चारा-पाणी, डॉक्टर आणि दूध घेण्याची हमी सरकारची. भाकड म्हशी खाटकाकडे जाऊ नयेत, हाही हेतू त्यामागे होता.

दुसरे काम म्हणजे टोन्ड दूध, आणि देशाच्या दूधबाजाराला वळण लावले ते या दुधाने. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास फॅट असते. इतके दाट दूध गरिबाला परवडत नाही आणि पिण्यासाठी इतक्या स्निग्धांशाची गरजही नसते. पण नुसते पाणी घालून ते पातळ केले तर प्रथिने आणि इतर घनपदार्थही पातळ होतात, आणि भय्या करतो तीच भेसळ होते. खुरोडींनी १९४०च्या दशकात त्यावर उपाय काढला. पाण्याबरोबर सायविरहित दुधाची भुकटी घालायची, म्हणजे फॅट खाली येते आणि बाकीचे घनपदार्थ जागच्या जागी राहतात. हिशेब साधा आहे. शंभर लिटर म्हशीच्या दुधातले फॅट सातवरून तीन टक्क्यांवर आणायचे तर २३३ लिटर दूध तयार होते. त्यासाठी साधारण अकरा-बारा किलो भुकटी आणि उरलेले पाणी लागते. शंभर लिटरांचे सव्वादोनशेच्या वर लिटर, तेही पौष्टिक, स्वच्छ आणि स्वस्त. दुधाला भुकेल्या शहरासाठी हा खरोखरच उपकार होता आणि त्याचे श्रेय खुरोडींना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

आरेची केंद्रे मुंबईच्या नाक्यानाक्यांवर उभी राहिली. पहाटे अंधारात तारेच्या जाळीचे क्रेट खणखणत उतरत. दूध कार्ड आणि धुतलेली रिकामी बाटली घेऊन माणसे रांगेत उभी असत. रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. बाटलीच्या तोंडाला वर्खासारखी पातळ झाकणी घट्ट बसवलेली असे. ती अंगठ्याने दाबून काढली की आतल्या बाजूला चिकटलेली थोडी साय निघे. कार्डावर जितक्या बाटल्या तितक्याच मिळत. नवे कार्ड मिळवणे हे चाळीतल्या कुटुंबाचे मोठे काम होते. या बाटलीतल्या दुधाचा एक भाग गोरेगावच्या म्हशींचा, एक भाग आणंदच्या शेतकऱ्यांचा आणि उरलेला हजारो मैलांवरच्या कुरणातल्या गाईंचा होता, हे रांगेतल्या कोणाला सांगूनही खरे वाटले नसते.

अडचण त्या उरलेल्या भागातच होती. टोन्ड दूध भुकटीशिवाय होत नाही आणि भुकटी करणारा कारखाना देशात नव्हता. म्हणून सगळी भुकटी आयात. शिवाय ती स्वस्त होती, कारण पिकवणारे देश लोणी काढल्यावर उरलेले सायविरहित दूध कसेही करून खपवायला उत्सुक असत. महापालिका, राज्य सरकार, डेअरीचा व्यवस्थापक, सगळ्यांना तेच सोयीचे पडे. गावोगाव फिरून दूध गोळा करा, ते थंड करा, पावसाळ्यात चिखलातून ट्रक काढा, शेतकऱ्यांच्या भावाच्या तक्रारी ऐका, यापेक्षा गोदीतून पोती उचलणे किती सोपे. शहरी ग्राहकाला दूध स्वस्त मिळाले की सरकारवरचा राग कमी होतो, हेही त्यात होतेच. पण भुकटीचा भाव खाली असला की गावच्या दुधाचा भावही खाली राहतो. कमी भावात शेतकरी म्हशीला पेंड कशाला घालील? दूध वाढत नाही, म्हणून पुढच्या वर्षी आणखी भुकटी मागवावी लागते. आयातनिर्भर दूधबाजाराचे हे दुष्टचक्र आफ्रिकेत आणि आशियात कितीतरी देशांत फिरत राहिले आहे.

म्हशी बहुतेक करून पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला वितात. म्हणून हिवाळ्यात दूध भरपूर, उन्हाळ्यात टंचाई. डेअरीवाले त्याला पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. पुष्टकाळात खेडा जिल्ह्याच्या संघाकडे उन्हाळ्याच्या दुप्पट दूध येई, पण मुंबईची गरज वर्षभर सारखी आणि उरलेल्या गरजेसाठी भुकटी आधीच मागवून ठेवलेली. जास्तीचे दूध मुंबई घेईना. सहकारी संस्थेला आपल्या सभासदाला ‘आज दूध आणू नको’ असे सांगता येत नाही. सांगितले तर तो पुन्हा दलालाकडे जातो आणि संस्था मोडते. आणंदच्या माणसांच्या डोळ्यांत परदेशी भुकटी खुपत होती ती यासाठी. गावात दूध नासत असताना शहर न्यूझीलंडची भुकटी कालवत होते.

१३ मे १९४९ रोजी सरकारी नोकरीच्या बंधनामुळे नाइलाजाने आणंदला आलेले व्हर्गीस कुरियन तोपर्यंत संघाचे व्यवस्थापक झाले होते. पुष्टकाळातल्या दुधावर उपाय एकच होता, त्याचीच भुकटी करायची. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे जगातल्या जाणकारांचे म्हणणे होते. गाईच्या दुधावर वाढलेल्या देशांनी तो प्रयत्न कधी केलाच नव्हता आणि करण्यात त्यांचा लाभही नव्हता. हरिचंद दलाया या डेअरी तंत्रज्ञाने फवारा पद्धतीने ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रे दिली, त्या बदल्यात संघाने जिल्ह्यातल्या मुलांना मोफत दूध द्यायचे ठरले. कोलंबो योजनेतून न्यूझीलंडनेही मदत केली. ज्या देशाची भुकटी हटवायची त्याच देशाची मदत घ्यावी लागली, आणि त्याने ती दिली, याची नोंद ठेवली पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, वल्लभभाईंच्या जन्मदिवशी, नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा जगातला तो पहिला कारखाना मानला जातो. पुढच्या चार-पाच वर्षांत कंडेन्स्ड मिल्क आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने बसवून दिलेल्या कृतीने शिशुआहार आला. परकीय चलनाची चणचण वाढत होती. केंद्र सरकारकडून लोण्याच्या आयातीला कात्री लागली, तसा देशी लोण्याला बाजार मिळाला.

आणंदचा कारखाना मात्र एकटाच होता. दिल्लीची दूध योजना १९५९ साली सुरू झाली, कलकत्त्यात आणि मद्रासलाही सरकारी योजना उभ्या राहिल्या, आणि या सगळ्यांनी खुरोडींचे टोन्ड दूध उचलले. त्यासाठी लागणारी गावपातळीवरची घडी मात्र कोणी बसवली नाही. बृहन्मुंबईची वस्ती १९५१ साली तीस लाखांच्या आसपास होती, १९७१ साली ती साठ लाखांच्या घरात गेली. मागणी दुप्पट झाली आणि फरक भुकटीने भरून निघत राहिला. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा आणंदचे दूध एका दिवसात परराज्यातले झाले. महाराष्ट्र सरकारने मग आपल्या जिल्ह्यांत शीतकरण केंद्रे उघडून दूध घ्यायला सुरुवात केली. कोल्हापूर जिल्हा संघ १९६३ साली स्थापन झाला, राज्याचा सहकारी दूध महासंघ १९६७ साली. पण इथे दूध खरेदी आणि भाव बराच काळ सरकारी खात्याच्याच हातात राहिले. गुजरातेत शेतकऱ्याचा संघ मालक होता, महाराष्ट्रात खाते मालक होते. या फरकाची किंमत महाराष्ट्राच्या दूध उत्पादकाने पुढे अनेक वर्षे मोजली.

याच दशकात परावलंबनाचे धोके एकामागून एक उघडे पडले. १९६२च्या चीन युद्धात सैन्याला भुकटी हवी होती, ती आणंदकडे मागावी लागली. १९६५-६६ आणि १९६६-६७ असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, तेव्हा परकीय चलन आधी गव्हासाठी खर्च झाले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला, म्हणजे परदेशी भुकटीचे पोते एका रात्रीत दीडपटीहून महाग झाले. त्यातच जगातल्या दुधाचा अगदी लहान हिस्सा देशाच्या सीमा ओलांडतो. बाकीचे दूध जिथे निघते तिथेच खपते. इतक्या पातळ बाजारात दोन-तीन निर्यातदार देशांत पाऊस कमी झाला किंवा त्यांच्या सरकारांनी धोरण बदलले की भाव वर-खाली उसळतो. खरेदीदाराच्या हाती काही नसते. दरम्यान देशातले दर माणशी दूध १९५०-५१ मधल्या रोजच्या सुमारे १३० ग्रॅमवरून १९६०च्या दशकाच्या अखेरीस ११०च्या आसपास आले होते. लोकसंख्या वाढली, दूध त्या गतीने वाढले नाही.

३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री खेडा जिल्ह्यात कंजरी इथल्या पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनाला आले आणि एका गावी शेतकऱ्याच्या घरी राहिले. माती, पाऊस, म्हशी सगळे इतर ठिकाणांसारखेच असताना इथेच दूध का, याचे उत्तर त्यांना गावच्या संस्थेत सापडले. त्यातून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणंदला स्थापन झाले. मंडळाकडे कल्पना होती, पैसा नव्हता.

पैसा आला तो युरोपातून, आणि तोही पैशाच्या रूपात नव्हे. युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या शेतकऱ्यांना बाजारभावापेक्षा वरचा हमीभाव दिला होता. त्यामुळे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे लोणी आणि सायविरहित भुकटीचे डोंगर साचले होते. शीतगृहांचे भाडे वाढत होते. एक दिवस हा साठा गरीब देशांना फुकट किंवा कवडीमोलाने वाटला जाईल, हे कुरियन यांनी ओळखले. आणि तो भारतात तसाच आला असता तर गावच्या दुधाचा भाव पार कोसळला असता. आणंदने १९५०च्या दशकात जे भोगले ते साऱ्या देशाला भोगावे लागले असते. म्हणून त्यांनी उलट मागणी केली. साठा आम्हाला द्या, पण तो आम्ही फुकट वाटणार नाही. देशी दुधाच्या भावाने तो आमच्याच डेअऱ्यांना विकू आणि येणाऱ्या पैशातून गावांत संस्था, शीतकरण केंद्रे, पशुखाद्य कारखाने आणि शहरांत डेअऱ्या उभारू.

या योजनेचे सारे मर्म भावाच्या त्या अटीत होते. भुकटी तीच, जहाजे तीच, डेअऱ्याही त्याच. भुकटी स्वस्त विकली की ती गावाला बुडवते, देशी भावाने विकली की तीच गावाला भांडवल देते. दूध आयातीच्या इतिहासात हा एक निर्णय बाकी सगळ्याहून मोलाचा आहे.

जागतिक अन्न कार्यक्रमाने प्रकल्प ६१८ म्हणून योजना मंजूर केली. १३ फेब्रुवारी १९७० रोजी भारतीय दुग्ध महामंडळाची स्थापना झाली आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. १,२६,००० टन सायविरहित भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल देणगीत मिळायचे होते. दोन्ही पाण्यात एकत्र केले की पुन्हा दूध होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांच्या डेअऱ्यांनी ते दूध विकून बाजारात आधी जागा मिळवायची आणि मग ती जागा टप्प्याटप्प्याने अठरा दूधक्षेत्रांतल्या गावच्या दुधाने भरायची, असा क्रम होता. पहिल्या टप्प्यात सुमारे ११६ कोटी रुपये खर्च झाले. पाच वर्षांचा म्हणून आखलेला हा टप्पा १९८१पर्यंत लांबला. दिल्लीत १९७४ साली मदर डेअरी उभी राहिली. दुधासाठी खास उष्णतारोधक रेल्वे टँकर आले आणि आणंद-मेहसाण्याचे दूध थेट दिल्लीला जाऊ लागले. एका भागातला पुष्टकाळ दुसऱ्या भागाची टंचाई भरून काढू लागला. जे काम आधी परदेशी भुकटी करत होती ते आता देशातले टँकर आणि देशातली भुकटी करू लागली.

गावात ही योजना कशी दिसत होती, ते गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेल्या ‘मंथन’ या १९७६ सालच्या चित्रपटातून देशाने पाहिले. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. सकाळ-संध्याकाळ बाई चरवी घेऊन संस्थेत येते, दूध मापले जाते, फॅट तपासले जाते आणि त्याप्रमाणे पैसे हातात पडतात. पैसे फॅटवर मिळत असल्याने पाणी घालण्यात फायदा उरला नाही, आणि जात पाहून रांग लावता येईना. आयातीचा आकडा खाली आणणारी यंत्रणा ती हीच. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भुकटीची व्यापारी आयात जवळपास थांबली. देणगीची भुकटी मात्र येत राहिली.

या ‘मात्र’वरूनच वादळ उठले. दुसऱ्या टप्प्यासाठी, १९८१ ते १९८५, युरोपने १,८६,००० टन भुकटी आणि ७६,००० टन बटर ऑइल दिले. पहिल्या टप्प्यापेक्षा देणगी वाढली होती. १९८३च्या ऑक्टोबरात गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांचा घणाघाती लेख ‘इलस्ट्रेटेड वीकली’त आला. स्वावलंबनाच्या नावाखाली देश युरोपच्या शिलकीवर जगतो आहे, गावचे दूध शहरी मध्यमवर्गाकडे ओढले जात आहे आणि उत्पादनवाढीचे आकडे फुगवलेले आहेत, असा त्यांचा आरोप होता. बाबुराव बाविस्करांसारखे समाजशास्त्रज्ञही दूध सहकारी संस्थांचा अभ्यास करून नेमका लाभ कोणाला होतो हे तपासत होते. १९८४ साली सरकारने एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सहकारी घडणीला पाठिंबा दिला, पण जनावरांचे दूध वाढवण्याच्या कामाकडे दुर्लक्ष झाल्याचेही म्हटले. मंडळ आणि महामंडळ एक करण्याची तिची शिफारस १९८७च्या कायद्याने अमलात आली. टीकाकारांचा एक मुद्दा आजही खरा वाटतो. फुकट मिळणारी भुकटी हातात असेपर्यंत दुष्काळाच्या वर्षी गावाकडे न वळता पोत्याकडे हात जातो. कितीही शहाणी अट घातली तरी हा मोह जात नाही.

आयात दुधाचा आणखी एक धोका कोणीच हिशेबात धरला नव्हता. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि वाऱ्याबरोबर किरणोत्सारी धूळ युरोपभर पसरली. ती गवतावर पडली, गवत गाईंनी खाल्ले. त्यानंतर युरोपीय समुदायाच्या देणगीतून आयर्लंडहून आलेले २०० टन लोणी मुंबईत पोहोचले. मुंबईतल्या एका डॉक्टरांसह काही नागरिकांनी ते बाजारात येऊ नये म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली. आपण रोज मुलांना देतो त्या दुधात आणि लोण्यात काय आहे, हे आपल्याला कोण सांगणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची तीन सदस्यांची समिती नेमली. किरणोत्साराची पातळी ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याने लोणी निर्धोक आहे, असा निर्वाळा तिने दिला आणि १९८८ साली अपील निकालात निघाले. लोणी निर्धोक ठरले, पण हजारो मैलांवरच्या अपघाताची धास्ती मुंबईच्या न्याहारीच्या ताटापर्यंत येऊ शकते, हे त्या खटल्याने दाखवले. परक्या कुरणावर काय पडले हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही, पाठवणाऱ्याच्या शब्दावर आणि आपल्या प्रयोगशाळेवरच विसंबावे लागते.

‘ऑपरेशन फ्लड’पूर्वी देशात वर्षाला २२,००० टन भुकटी होत होती, १९८९पर्यंत ती १,४०,००० टनांवर गेली. तिसऱ्या टप्प्यात देणगी उतरत गेली आणि १९९६ साली योजना संपली तेव्हा गावोगावच्या दूध संस्थांची संख्या सत्तर हजारांच्या पुढे होती. १९९०-९१ साली देशाचे उत्पादन ५ कोटी ३९ लाख टन होते. १९९८च्या सुमारास भारत अमेरिकेला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला. मुंबईत आरेची काचेची बाटली जाऊन प्लॅस्टिकची पिशवी आली. गोरेगावला महासंघाची महानंद डेअरी १९८३ साली सुरू झाली होती, आणि नाक्यावरच्या केंद्रासमोरची रांगही विरळ होत गेली.

भुकटीच्या दिवसांची एक खूण मात्र कागदावर तशीच राहून गेली होती. १९४७ साली जिनिव्हात व्यापारकराराची बोलणी झाली तेव्हा दुधाला महाग असलेल्या भारताने सायविरहित भुकटीवर आयात शुल्क शून्य ठेवण्याचे बंधन स्वीकारले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या काळात आयातीवरचे इतर निर्बंध उठू लागले तेव्हा हे जुने शून्य अचानक जिवंत झाले. अनुदानावर पोसलेली युरोपीय भुकटी आता कोणत्याही शुल्काशिवाय भारतीय शेतकऱ्याच्या दुधासमोर येऊन उभी राहणार होती. १९९९च्या डिसेंबरात भारताने वाटाघाटी करून ते बदलून घेतले. वर्षाला १०,००० टन भुकटी १५ टक्के शुल्काने आणि त्यापुढची ६० टक्क्यांनी, असे ठरले. त्यानंतर देशात टंचाई पडली तेव्हा, २०१०-११ साली, सरकारने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला ३०,००० टन भुकटी आणि १५,००० टन बटर ऑइल विनाशुल्क आणण्याची परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये देशातून भुकटीच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी दूध वाढले, गोदामांत भुकटी साचली आणि जून २०१२ मध्ये ती बंदी उठवावी लागली.